ज्येष्ठाचा मान

उसाच्या फडात पाचट जळताना राख डोळ्यात गेली, तर डोळा चोळायचा नसतो. वरची पापणी चिमटीत धरून ओढायची आणि जमिनीकडे बघत राहायचं. राख आपोआप खाली येते.

*

प्रयोगशाळेतल्या मोठ्या उंदरांना थोडं कमी खायला दिलं, तर ते जास्त जगतात. आईच्या पोटात असताना जे उपाशी राहिले आणि नंतर भराभर वाढले, ते मात्र कमी जगतात. उंदरांना यातलं काही माहीत नसतं.

*

कॅन्टीनच्या भिंतीवरची सूचना: जेवताना मोबाइलवर मोठ्याने गाणी लावू नयेत.
खाली, निळ्या पेनने: जेवताना 'आमच्या वेळी'सुद्धा लावू नये.

*

केकवर मेणाचे दोन आकडे होते, चार आणि एक. मंजिरी अष्टेकर त्या दिवशी सत्तावन्न वर्षांची झाली. तिने फुंकर मारली. टाळ्या वाजल्या.

*

निर्जंतुक खोलीत झेंडू चालत नाही. परागकण असतात.

*

शेंद्र्याच्या औद्योगिक वसाहतीतल्या सुरम्य मेडिकल या कारखान्यात इन्सुलिनची पेनं जुळवली जातात. काचेपलीकडे लांब पट्टा सरकत असतो आणि त्याच्या दोन्ही बाजूंना पांढरे झगे, टोप्या, मास्क घातलेली माणसं. नुसते डोळे दिसतात. तरी कोण जुनं आणि कोण नवं, हे बाहेरून बघणाऱ्यालाही कळायचं. जुनी माणसं पाळी संपल्यावर हातातलं पेन पूर्ण करून उठत. नवी माणसं घंटा झाली की पेन तसंच ठेवून उठत.

जुन्यांचं म्हणणं, ही पोरं समोरून आली तरी ओळख दाखवत नाहीत. नव्यांचं म्हणणं, हे लोक कामापेक्षा कामाच्या आठवणी जास्त काढतात. जड खोकी कुणी उचलायची, रात्रपाळी कुणाला, पंख्याखालची खुर्ची कुणाची, यावरून रोज काहीतरी व्हायचं. एकदा उत्तम गायसमुद्रे, म्हणजे युनियनचे जुने प्रतिनिधी आणि सगळ्या कारखान्याचे मामा, आणि ओजस लोखंडे नावाचा चोवीस वर्षांचा तरुण, यांच्यात जेवणाच्या रांगेवरून एवढं पेटलं की पाळी थांबली.

हे मिटवणं मंजिरीचं काम होतं. ती मनुष्यबळ विभागाची प्रमुख. तिने शिबिरं घेतली. दोन्ही पिढ्यांच्या जोड्या लावल्या आणि त्यांना हातात हात घालून फुगे फोडायला लावले. फुगे फुटले.

मग देहवय आलं.

*

आपल्या जवळजवळ प्रत्येक पेशीत डीएनएची तीच लांब साखळी असते. तिच्यावर जागोजागी मिथिल नावाचे बारीक रासायनिक गट चिकटलेले असतात. कोणतं जनुक जागं राहील आणि कोणतं झोपेल, हे ठरवण्यात त्यांचा मोठा हात असतो. माणूस वाढतो तसा या चिकटलेल्या गटांचा नमुना बदलत जातो, आणि तो बराचसा ठरलेल्या वाटेने बदलतो. म्हणून रक्ताच्या थेंबावरून एखादं शरीर किती वापरलं गेलं आहे ते वाचता येतं.

पण ही वाट सगळे सारख्या वेगाने चालत नाहीत. उपासमार, ऊन, धूर, तुटलेली झोप, लहान वयातलं ओझं, यांनी शरीर पुढे ढकललं जातं. पोटभर अन्न, सावली आणि निवांत झोप मिळाली तर ते मागे रेंगाळतं. शास्त्रज्ञांना हे बऱ्याच वर्षांपासून ठाऊक होतं. नवीन होतं ते मोजणारं यंत्र. जेवणाच्या डब्याएवढं, बोट टोचलं की चहा होईपर्यंत देहवयाचा आकडा सांगणारं.

"जन्मतारीख हा योगायोग आहे," संचालक निनाद कुलथे म्हणाले. ते चौतीस वर्षांचे होते आणि सभेत उभ्याने बोलायचे. "शरीर हे सत्य आहे. आपण पिढ्याच रद्द करू."

गुढीपाडव्याला करार झाला. पाळ्या, जड काम, नेमणूक, निवृत्ती, सगळं देहवयावर. पंचावन्न देहवयाला निवृत्ती. कायम नेमणूक मात्र पन्नाशीच्या आतल्यांनाच, कारण विमा कंपनीची तशी अट होती. मामांनी भांडून एक कलम घालून घेतलं. आकडा फक्त त्या माणसाला आणि डॉक्टरला कळेल. कुणा अधिकाऱ्याने तो जाणूनबुजून उघड केला तर ती मोजणी बाद, आणि त्या माणसाला पुन्हा जन्मतारखेचं वय लागू.

त्याच आठवड्यात पंचावन्नच्या पुढे निघालेल्यांना शाल आणि नारळ देऊन घरी पाठवलं. त्यात एक जण सत्तेचाळीस वर्षांचा होता. शाल त्याला मोठी झाली.

*

मामांनी स्वतःचा आकडा स्वतःच गावभर केला. "एक्कावन्न! शकुनाचा आकडा आहे. पाकिटात घालून द्या."

त्यांचं खरं वय छप्पन्न.

मंजिरीचा आकडा एकेचाळीस. पुढच्या वर्षी ती निवृत्त होणार होती. आता चौदा वर्षं मिळाली. तिने हे कुणाला सांगितलं नाही, पण केकवरचे आकडे तिनेच निवडून आणले होते. नव्या मुलांच्या टेबलावर ती जेवायला बसू लागली. पांढरे बूट घेतले. नवरा म्हणाला, "छान दिसतात. पायाला लागत नाहीत ना?" लागत होते.

भांडणं खरंच कमी झाली. आता कुणी कुणाला म्हातारा म्हणू शकत नव्हतं, कारण कुणालाच खात्री नव्हती.

*

कार्तिकी ढाकणे सव्वीस वर्षांची होती. पट्ट्यावर तिची जागा मधोमध. पेनाच्या टोकाला टोपण बसवायचं काम. ती बीडकडची. आईबाप ऊसतोडीला जायचे, आणि ती कार्तिकात, साखर कारखान्याच्या वाटेवर जन्मली म्हणून कार्तिकी. बारावीपर्यंतचं शिक्षण तिने तीन जिल्ह्यांतल्या शाळांत तुकड्या-तुकड्यांनी केलं होतं. ती कंत्राटावर होती. दिवाळीनंतर तिच्या तुकडीतल्या मुलामुलींना कायम करणार होते. कायम झालं की कारखान्याची खोली मिळते. तिला आईला इकडे आणायचं होतं.

पाडव्याला डॉक्टरांनी तिला आकडा सांगितला तेव्हा ती म्हणाली, "दुसऱ्या कुणाचं रक्त असंल."

डॉक्टरांनी पुन्हा टोचलं. पुन्हा चौपन्न.

तिने कुणालाही सांगितलं नाही. दिवाळीला नकार येणार हे तिला माहीत होतं. तोवर ती गप्प राहून टोपणं बसवत होती.

*

खंडेनवमीला सुरम्यमध्ये यंत्रांची पूजा होते. निर्जंतुक खोलीत हळद, कुंकू, फुलं न्यायला बंदी. त्यामुळे कॅन्टीनबाहेरच्या मोकळ्या जागेत एक जुनं, बंद पडलेलं टोपण बसवायचं यंत्र ठेवलं होतं. वर्षभर त्याच्यावर कपडा असायचा. खंडेनवमीला त्याला धुऊन-पुसून सगळ्या यंत्रांच्या वतीने पूजेला बसवायचं. पूजा करायचा मान कामावरच्या सगळ्यात वडील माणसाचा. पूजा झाली की साहेबांपासून सगळ्यांनी त्याच्या पाया पडायचं. कारखाना सुरू झाल्यापासूनची ही पद्धत.

यंदा प्रश्न आला, सगळ्यात वडील कोण?

"देहवयाप्रमाणे," निनाद सर म्हणाले. "नुसतं नाव. आकडा नाही. सिस्टीम नाव काढेल, पडद्यावर येईल. सन्मानच आहे, त्यात गुपित कसलं?"

मामांनीही हरकत घेतली नाही. नाव आपलंच येणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती. पूजेच्या आदल्या संध्याकाळी ते मंजिरीच्या केबिनच्या दारात टेकून उभे होते.

"काय मॅडम, धोतर नेसू की पॅन्ट चालेल?"

"आधीच तयारी?"

"मग कोण आहे दुसरं? तुमच्या यंत्राने बाकीचे म्हातारे तर घरी धाडले. एवढा खटाटोप केला, पण शेवटी कुंकू लावायला गायसमुद्रेच लागतो."

"मामा, यंत्राला मिश्या दिसत नाहीत."

"मिश्या नसल्या तरी मी दिसतो."

"उद्या बघाल तुम्ही," मंजिरी म्हणाली.

*

पडदा. झेंडूची चौकट. फोटो.

कार्तिकी ढाकणे.

आधी कुणालाच काही कळलं नाही. मग ओजस ओरडला, "ए, सिस्टीम गंडली!" आणि हशा उसळला. कार्तिकीपण हसली. शेजारच्या मुलीने तिच्या पाठीत थाप मारली. निनाद सरांनी मोबाइल काढून यंत्राच्या कंपनीला विचारलं, पुन्हा विचारलं. त्यांचा चेहरा बदललेला पुढच्या रांगेला दिसला. हसू पुढून मागे विझत गेलं.

"चूक नाहीये," ते मंजिरीला हळूच म्हणाले. माईक चालू होता.

मामांचा आकडा सगळ्यांना ठाऊक होता. एक्कावन्न. त्यामुळे प्रत्येकाने मनातल्या मनात तोच साधा हिशेब केला. एक्कावन्नच्या वर. म्हणजे पन्नासच्याही वर.

कुणीतरी कार्तिकीच्या हातात ताम्हन दिलं. तिने घेतलं. नाही घेतलं असतं तर पूजा खोळंबली असती. तिने यंत्राला हळद लावली, कुंकू लावलं, अक्षता वाहिल्या. नारळ मात्र तिच्याने फुटेना. तीनदा आपटला. शेवटी मामांनी पुढे होऊन तो तिच्या हातातून घेतला आणि फोडला.

मग पायांची वेळ आली.

पूजा बघायला आलेले परदेशातले दोन पाहुणे व्हिडिओ काढत होते. निनाद सर मंजिरीकडे बघत होते. पद्धतीप्रमाणे सुरुवात अधिकाऱ्यांनी करायची. मंजिरी पुढे गेली.

"नका, मॅडम," कार्तिकी ओठ न हलवता म्हणाली. "तुम्ही वाकलात तर खरंच होईल ते."

मंजिरी वाकली.

कार्तिकीच्या चपलेचा अंगठा दोऱ्याने शिवलेला होता. नख काळं पडलेलं होतं. हात लावताना मंजिरीच्या डोक्यात एकच गोष्ट होती, आपण किती सहज वाकलो. गुडघे वाजले नाहीत. वर उठताना तिचा चेहरा तापला. लोकांना वाटलं वाकल्यामुळे.

*

—हॅलो आई.

—बोल गं. पूजा झाली का?

—झाली. मीच केली.

—तू? तुला कशी काय दिली?

—ते एक यंत्र आहे. अंगाचं वय सांगतं. माझं जास्त निघालं.

—किती?

—चौपन्न.

(ट्रॅक्टरचा आवाज. कुणीतरी कुणाला हाका मारतंय.)

—मी तर शेहेचाळिसाची हाय, कार्तिके.

—माहितीय मला.

—मंग माझं किती निघंल गं?

*

दुसऱ्या दिवशी ओजस कॅन्टीनमध्ये पंख्याखालच्या खुर्चीवरून उठला. "बसा आजी."

टेबल हसलं. मंजिरी त्याच टेबलावर होती. ती हसली नाही. डब्यातली भेंडी ती एकेक करून बाजूला काढत राहिली, जणू त्यात काही सापडणार होतं.

कोपऱ्यातून मामांनी हाक मारली. "ये गं पोरी, आमच्यात बस."

कार्तिकी दोन टेबलांच्या मधे ताट घेऊन उभी राहिली. मग हात धुवायच्या बेसिनजवळ उभ्याने जेवली.

संध्याकाळी ओजस तिला गेटवर शोधत आला. "सॉरी यार. मला वाटलं आपण नेहमीसारखं चिडवतोय. घरी गेल्यावर वाचलं, हे कशाने होतं ते." मग घाईघाईने, "तुला कलम माहितीय ना? कुणी अधिकाऱ्याने मुद्दाम उघड केलं असेल तर मोजणी बाद. तुझं वय सव्वीस. तू कायम!"

*

ती मंजिरीच्या केबिनमध्ये आली. बसली नाही.

"मॅडम, मी चौकशीचा अर्ज दिलाय. ओजस म्हणाला म्हणून."

"चांगलं केलंस."

"तुमच्याविरुद्ध नाही. कुणाविरुद्धच नाही." तिने पदर खोचावा तशी ओढणी कमरेला खोचली. "नाव आधी कुणाला तरी दिसलं असंल, एवढंच विचारायचंय. दिसूनही पडद्यावर जाऊ दिलं असंल, तर ते मुद्दाम, म्हणजे मी कायम. नाही तर दिवाळीनंतर बंद. लाज वाटायची ती वाटून गेली. आता त्यातनं काही चांगलं निघत असंल तर निघू द्यावं, असं वाटलं."

"हो."

"तुम्हाला काय वाटतं, होईल?"

मंजिरीने टेबलावरचा पंखा तिच्या दिशेने वळवला. "मी तुझ्यासाठी बोलेन," ती म्हणाली. "पॅकिंगला एक जागा आहे. बसून काम. उशीची खुर्ची देते. कंत्राट वाढवून घेऊ."

"खुर्ची नको, मॅडम. मला उभं राहता येतं."

*

चौकशी निनाद सरांच्या खोलीत झाली. जुन्यांचे प्रतिनिधी मामा, नव्यांचा ओजस, कार्तिकी, मंजिरी. भिंतीवर देहवयाचं पोस्टर होतं. एक आजोबा आणि एक तरुणी हात उंचावून उड्या मारत होते.

मामांनी विचारलं, "मॅडम, नाव पडद्यावर यायच्या आधी कुणी अधिकाऱ्याने बघितलं होतं का? तुम्ही, साहेबांनी, कुणीही?"

"मी नाही बघितलं," निनाद सर म्हणाले. "माझं लॉगिनच नाही त्यात. मनुष्यबळ विभागाकडे आहे."

सगळे मंजिरीकडे वळले.

"नाव थेट पडद्यावर आलं," मंजिरी म्हणाली. "मलाही सगळ्यांबरोबरच कळलं."

निनाद सरांनी लॅपटॉप पुढे ओढला.

ओजस पुढे सरकला. "सर, सिस्टीमचा लॉग मागवू ना. कुणी काय उघडलं ते सगळं असतं त्यात. यंत्राच्या कंपनीला मेल केला की दोन दिवसांत—"

"कशाला?" मामा कडाडले. "मॅडम सांगतायत ना?"

"मामा, मी त्यांना खोटं म्हणत नाहीये. नुसतं चेक—"

"हेच ते! हेच आम्हाला खटकतं तुमचं. समोर बसलेलं माणूस सांगतंय, तर ते नाही. मशीनमधून काढून दाखवा." ते मंजिरीकडे वळले. "मॅडमशी मी वीस वर्षं भांडलोय, ओजस. तोंडावर भांडलोय. पण त्यांनी दिलेला शब्द कधी बदललेला मी बघितला नाही. आमच्या वयाच्या माणसाचा शब्द म्हणजे शब्द. त्याचा पुरावा मागायची आम्हाला सवय नाही."

'आमच्या वयाच्या' हे ऐकून मंजिरीने पाय खुर्चीखाली घेतले. पांढरे बूट.

"पण कार्तिकीची नोकरी आहे ही," ओजस म्हणाला. "तिला विचारा. कार्तिकी, लॉग मागवू?"

कार्तिकीने मंजिरीकडे बघितलं. तिच्या नजरेत संशय असता तर मंजिरीला सोपं गेलं असतं.

"राहू दे," ती म्हणाली. "मॅडम माझ्या पाया पडल्यात सगळ्यांसमोर. एवढं कुणी कशाला करील? त्यांच्यावर लॉग कसला मागवायचा."

निनाद सर लगेच टाइप करू लागले. दोष प्रणालीचा. अधिकाऱ्याचा हेतू आढळला नाही. मोजणी ग्राह्य.

"मॅडम?" मामा म्हणाले. "बरं वाटत नाही का?"

मंजिरीला काहीतरी म्हणायचं होतं. तोंड उघडलं, पण नुसता खोकला आला. तिने पुन्हा प्रयत्न केला. सगळे थांबले होते. अजूनही वेळ गेलेली नव्हती. निनाद सरांचं टाइप करणं पुरं झालेलं नव्हतं.

"मॅडमना कुणीतरी पाणी द्या," कार्तिकी म्हणाली. आणि कुणी उठायच्या आत तीच उठली, कोपऱ्यातल्या जारमधून ग्लास भरला आणि दोन्ही हातांनी पुढे केला.

मंजिरी पाणी प्यायली. सगळं. कार्तिकीने रिकामा ग्लास घेतला आणि जागेवर नेऊन ठेवला.

निनाद सरांनी 'पाठवा' दाबलं.

*

दिवाळीनंतर कार्तिकीच्या तुकडीतले बाकीचे सगळे कायम झाले. त्यांनी पेढे वाटले. एक पेढा पॅकिंगच्या खोलीतही आला. ती महिनाअखेरपर्यंत तिथे उभ्याने काम करत होती. मग आईच्या टोळीचा ट्रॅक्टर पैठणवरून जाणार होता, तिथे जाऊन ती त्यात बसली.

मामांनी पुढच्या बैठकीत सांगितलं, की दोन पिढ्यांमधला विश्वास आता पुष्कळ वाढला आहे. मंजिरीने ते इतिवृत्तात घेतलं. पांढरे बूट तिने कपाटात ठेवले. नव्या मुलांनी विचारलं, काय झालं मॅडम, इकडे का बसत नाही हल्ली? ती म्हणाली, डबा केबिनमध्येच उघडते, कामं असतात. केबिनमध्ये ती दार लावून जेवायची. दाराच्या काचेत चेहरा दिसू नये म्हणून खुर्ची भिंतीकडे वळवून.

*

खंडेनवमीच्या आदल्या दिवशी, जेवणाच्या सुट्टीत, कार्तिकी ढाकणेचं नाव आणि चौपन्नचा आकडा मंजूर करण्यासाठी मंजिरीच्या मोबाइलवर आला होता, आणि तिने दोन्ही वाचून 'मंजूर' दाबलं होतं.